वाऱ्यानं विझलेला बंब

आखातातल्या अल ऐनमध्ये उन्हाळ्यात पाणी तापवावं लागत नाही. गच्चीवरच्या टाकीत ते आपोआप तापतं, इतकं की सकाळी आंघोळ करायची तर आदल्या संध्याकाळीच बादल्या भरून एसीच्या खोलीत ठेवाव्या लागतात. माझ्या सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तो जुलै महिना होता. त्यांनी नळाखाली हात धरला, चटका बसल्यावर मागे घेतला आणि म्हणाल्या, "इथं देवानंच बंब पेटवून ठेवलाय की."

सासरे गेल्यावर सांगलीच्या घराला कुलूप लावून नवऱ्यानं त्यांना इकडे आणलं होतं. सांगलीत त्यांचा दिवस तांब्याच्या बंबापासून सुरू व्हायचा. पहाटे उठून चिपाडं, नारळाच्या शेंड्या, जुन्या चपला, जे हाती लागेल ते त्या बंबात घालून पेटवायच्या आणि मग उरलेलं घर जागं करायच्या. आमच्याकडे आल्यावर त्यांना करायला काही उरलंच नाही. स्वयंपाकघर माझं होतं आणि मी तिथं कुणाला फार टिकू देत नाही. बाजारात जायचं तर गाडी हवी. टीव्ही अरबी बोले, शेजारीणही अरबी बोले. नातीची वेणी घालावी म्हटलं तर नातीचे केस बॉबकट. "आजी, आय लाइक इट शॉर्ट," असं तिनं सांगून टाकलं, तेव्हा सासूबाईंनी सांगलीहून आणलेला कंगवा परत पेटीत ठेवला.

पेटीतून बाहेर राहिला तो एकटा टॉर्च. दोन मोठ्या सेलचा, स्टीलचा. "लाईट गेली तर?" म्हणून तो त्यांच्या उशाशी असायचा. अल ऐनमध्ये लाईट जात नाही, हे आम्ही सगळ्यांनी त्यांना आळीपाळीनं समजावलं. "सांगलीतपण पूर्वी जात नव्हती," असं त्या म्हणायच्या. टॉर्चवरून आम्ही त्यांची यथेच्छ चेष्टा करत असू.

नोव्हेंबरात हवा पालटली आणि त्यांचं नशीबही. आमचं घर जुनं, मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला सिलिंडर आणि भिंतीवर गॅसवर चालणारा पाणी तापवायचा पांढरा डबा. त्यातली एक इवलीशी निळी ज्योत दिवसरात्र जळत राही. नळ उघडला की त्या ज्योतीवरून आतला मोठा बर्नर भप्पकन पेट घेई. ह्या ज्योतीला पायलट म्हणतात. ती विझली की गॅस आपोआप बंद होतो, ही सोय चांगली. पण मग ती परत पेटवायची म्हणजे एका हातानं खटका दाबून धरायचा, दुसऱ्या हातानं काडी आत न्यायची, ज्योत लागली तरी खटका सोडायचा नाही, आतली पट्टी पुरती तापू द्यायची आणि मग अगदी हलक्या हातानं तो सोडायचा. मी हा उद्योग दोनदा केला. दोन्ही वेळा मी खटका लवकर सोडला, ज्योत गेली आणि मी त्या डब्याला चापट मारली. मी स्वभावानं तापट. माझं डोकं पेटायला पायलट लागत नाही, असं नवरा म्हणायचा.

सासूबाईंनी मला बाजूला सारलं. खटका दाबून त्या शांत उभ्या राहिल्या. ओठ हलत होते, बहुधा मारुती स्तोत्र चाललं होतं. मग त्यांनी बाळाच्या अंगाखालून हात काढून घ्यावा तसं बोट काढून घेतलं. ज्योत राहिली.

"बंबाला घाई चालत नाही गं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो डबा 'बंब' झाला आणि बंब त्यांचा झाला. हिवाळ्यात इथं शमाल सुटतो, म्हणजे उत्तरेचा वारा, वाळू घेऊन येणारा. तो आला की पायलट विझायचा आणि न्हाणीघरातून कुणीतरी ओरडायचं, "आई, बंब!" सासूबाई पदर खोचून, काड्यापेटी घेऊन, एखाद्या डॉक्टरीणबाईच्या थाटात अंगणात जायच्या. नात तर अंगाला साबण लावून, इंग्रजीत किंचाळायची, "आजी, इट्स फ्रीझिंग!" आजींना तेवढं इंग्रजी उत्तम समजे.

दिवाळीत तर त्यांचा दरबार भरायचा. नवऱ्याचं छोटं वर्कशॉप मुसफ्फाला, कारखान्यांच्या वस्तीत. तिथं कामाला चार माणसं, सगळी आपलीच, आणि त्यांचा फोरमन गुहागरकडचा. ही मंडळी तिथल्याच कामगारांच्या कॅम्पवर राहायची. सण सुट्टीच्या दिवशी आला किंवा नवऱ्यानं सुट्टी दिली, तर आदल्या संध्याकाळी पिकअपमधून आमच्याकडे यायची, हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायची आणि पहाटे एकामागून एक अभ्यंगस्नान करायची. सासूबाई आदल्या दिवशी बंब पुसून लख्ख करायच्या, त्याला हळदकुंकवाची बोटं लावायच्या, गळ्यात माळ घालायच्या. आंघोळीनंतर पायाच्या अंगठ्यानं फोडायला कारीट लागतं, ते इथं कुठलं? सासूबाईंनी गाडीच्या खिडकीतून वाळूत पसरलेला एक वेल हेरला. त्याला इथं हंधल म्हणतात. फळ कारिटासारखं गोल आणि तोंडात धरवणार नाही इतकं कडू. "देवाला चालेल," असा निकाल त्यांनी दिला. देवाला चाललं, पण अंगठ्याला चालेना, कारण त्याची साल भलतीच टणक. पहिल्या वर्षी फोरमननं शेवटी पिकअपमधून हातोडा आणला आणि नरकासुर त्यानं मारला.

आता नवऱ्याच्या धंद्याविषयी सांगायला हवं. जुन्या व्हिलांमध्ये आमच्यासारखेच पायलटवाले हीटर होते. शमाल सुटला की आमच्या जेवणाच्या टेबलावरचा फोन खणखणायला लागायचा, आणि तो घ्यायचं काम माझं. सगळ्यांचं रडगाणं एकच, ज्योत विझली. नवऱ्यानं ह्यातूनच धंदा काढला. जुना डबा तसाच ठेवायचा, आतला पायलट काढून टाकायचा आणि ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक सेट बसवायचा. नळ उघडला की टिक टिक टिक, ठिणगी आणि भप्प. नळ बंद की सगळं बंद. खाली एका छोट्या डबीत दोन मोठे सेल, संपले की बदलायचे. वाऱ्याचं भय नाही आणि उगाच जळणारा गॅसही नाही. नवरा फोनवर ऐटीत सांगायचा, "हबीबी, नो मॅचबॉक्स, नो टेन्शन! टुमॉरो, इन्शाल्ला." अर्ध्या अल ऐनचे पायलट त्यानं काढले, पण आमच्या अंगणातला बंब होता तसाच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी त्याला टोमणे मारायची. त्याला सवड नव्हती आणि सासूबाईंना बदल नको होता, त्यामुळे ते तसंच चाललं.

पुढे एका हिवाळ्यात मात्र आमचा बंब फारच विझायला लागला. सकाळी विझे, संध्याकाळी विझे. मुसफ्फाहून दमून आलेला नवरा न्हाणीघरात शिरे आणि तिथून ओरडे, "आई, परत गेला!" सासूबाई म्हणायच्या, "वाऱ्यानं विझला असेल," आणि काड्यापेटी घेऊन निघायच्या. पाण्यावाचून अडलेला तो मुलगा बाहेर टॉवेल गुंडाळून उभा, आणि ह्या आत काडी नेत त्याला विचारत, "दुपारी जेवलास का? काय जेवलास?" एरवी आई आणि मुलगा एवढं बोलत नसत. तो घरी आला की हिशेब, फोन आणि झोप.

एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी डाळ निवडत होते. खिडकी मागच्या अंगणात उघडते. सासूबाई तिथं आल्या, इकडेतिकडे पाहिलं, बंबाजवळ गेल्या आणि त्यांनी खटका फिरवून ज्योत विझवली. मग तुळशीच्या कुंडीतलं एक पान तोडून तोंडात टाकलं आणि काही झालंच नाही अशा आत गेल्या. थोड्या वेळानं नातीची हाक आली आणि त्यांचं उत्तरही आलं, "आले गं! वाऱ्यानं विझला असेल."

मी बाहेर पाहिलं. दोरीवरचे कपडे जराही हलत नव्हते.

मला आधी राग आला. घरभर कामं पडलीयत, पोळ्या राहिल्यात आणि ह्यांचे हे खेळ! तरातरा जाऊन तोंडावर बोलावं असं वाटलं, आणि मी बोललेही असते. पण अंगणात पोचले तर सासूबाई खटका दाबून उभ्या होत्या, आतून नात "आजी, हरी अप, प्लीज!" म्हणून विनवत होती, आणि सासूबाईंचा चेहरा असा उजळला होता की माझा राग जागच्या जागी निवला. ह्या घरात त्यांना हाक मारण्याचं आमच्याकडे दुसरं काही कारणच नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं. मी आले तशी परत फिरले आणि कुणाला काही बोलले नाही.

पण त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. इतक्यांदा विझणारा बंब पाहून त्यांच्या मुलाला एक दिवस आपला धंदा आठवला. "आईनं ह्या वयात काड्या ओढत वाऱ्यात उभं राहायचं, आणि मी गावाचे हीटर दुरुस्त करत फिरायचं! लाज वाटते मला. येत्या दिवाळीआधी आपलाही बदलून टाकतो. खलास!"

सासूबाई म्हणाल्या, "मला काही त्रास नाही हो."

"आई, चोवीस तास ज्योत जळते, फुकट गॅस जातो."

"समईपण जळते. तिचा गॅस मोजतोस का?"

पण त्यानं ऐकलं नाही. त्याच्या प्रेमानं तर अजिबातच ऐकलं नाही. उन्हाळा गेला आणि दिवाळीच्या आधी फोरमनला घेऊन तो स्वतः अंगणात उतरला. दुपारपर्यंत पायलट निघाला, ठिणगीचा सेट बसला. नवऱ्यानं आईला हात धरून नेलं, नळ सोडायला लावला. टिक टिक टिक, भप्प. "बघ! आता तुला काही म्हणजे काही करायला नको."

सासूबाईंनी नळ बंद केला. "छान आहे," त्या म्हणाल्या. सेल केवढ्याला पडतात ते त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, दहा दिरहम. "म्हणजे जवळजवळ सव्वाशे रुपये! आणि काड्यापेटी?"

रात्री जेवताना त्यांनी शांतपणे सांगितलं, "भाऊबीज झाली की माझं तिकीट काढ. सांगलीचं घर बंद आहे, वाळवी लागायची." नवऱ्यानं समजूत घातली, नातीनं "आजी, डोन्ट गो" म्हणून गळ्यात हात टाकले, पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर त्या आमच्या सासूबाई कसल्या. तिकीट आलं. सांगलीत त्या बंद घरात एकट्या काय करणार होत्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. मला झोप लागेना. इतकी वर्षं मला हवं होतं ते स्वयंपाकघर, ते न्हाणीघर, ते अख्खं घर आता माझं एकटीचं होणार होतं आणि मला ते नको झालं होतं.

त्या वर्षी नरक चतुर्दशी शुक्रवारी आली, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. मुसफ्फाची मंडळी आदल्या संध्याकाळी हजर झाली. नवऱ्यानं हीटरमध्ये कोरे सेल घातले. मी हळदकुंकवाची कुयरी सासूबाईंपुढे धरली. "बंबाला लावायचं ना?"

"ह्याला कशाला? ह्याच्यात जीव नाही," म्हणून त्या आत गेल्या.

पहाट झाली. मी तेलाची वाटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापत होते, सासूबाई पाटापाशी उटणं कालवून बसल्या होत्या. पहिला गेला. टिक टिक टिक, भप्प. आंघोळ करून आला. दुसरा गेला, तोही आला. नवरा फोरमनला सांगत होता, "बघितलंस? आवाज नाही, आरडाओरडा नाही." ते खरंच होतं. दरवर्षी त्या पहाटे "आई, बंब!" नं घर दणाणायचं. ह्या वेळी कुणीच हाक मारली नाही. सासूबाई प्रत्येक टिकटिकीला मान वर करून अंगणाकडे पाहत आणि पुन्हा वाटीत बघत. उटणं केव्हाच कालवून झालं होतं, तरी त्या कालवतच होत्या.

माझ्यानं ते बघवेना. फोरमन तेल लावून, उटणं फासून न्हाणीघराकडे निघाला तशी मी "पणती बघून येते" म्हणत अंगणात गेले. डबीचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढले, झाकण लावलं आणि स्वयंपाकघरात येऊन ते हाताला लागलेल्या पहिल्या डब्यात कोंबले.

मग आतून टिक वाजेना. त्याऐवजी फोरमनची आरोळी आली, "अरे देवा! गार! साहेब, पाणी गार!"

नवरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावला. त्यानं पुढचा पत्रा काढला. ठिणगीची तार पाहिली, गॅसचा कॉक पाहिला, पाण्याचा दाब पाहिला. डबी सोडून सगळं पाहिलं; त्यात कालच त्यानं स्वतः कोरे सेल घातले होते, मग तिकडे कशाला बघायचं? पूर्वेकडे आभाळ फिकट व्हायला लागलं. न्हाणीघराच्या दारातून पिवळाधमक फोरमन टॉवेल सावरत कुडकुडत म्हणाला, "यल्ला, चला साहेब, सूर्य उगवला तर माझा नरक पक्का! आई कुठं आहेत? आईंना बोलवा!"

नवरा घुटमळला. मग आत तोंड करून ओरडला, "आई! बंब!"

मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाट सरकल्याचा आवाज मात्र ऐकला. त्या पदर खोचत अंगणात आल्या. "सरक," त्या मुलाला म्हणाल्या. त्यांनी वरचं काही पाहिलं नाही. "ह्याला जळण कुठून घालतात?" असं विचारून त्यांनी त्यानं दाखवलेली डबी हातात धरली. झाकणाकडे त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मलाही ते तेव्हाच दिसलं: झाकणावर तेलाची बोटं उमटली होती, पाच, ठसठशीत. माझा हात आपोआप पदराआड गेला.

त्यांनी झाकण उघडलं. डबी रिकामी.

"सेल कुठे गेले?" नवरा चक्रावला. "काल मी स्वतः..."

"वाऱ्यानं गेले असतील," सासूबाई म्हणाल्या.

"आई, वारा सेल कसे नेईल? आणि ह्याला वाऱ्याचा काही संबंधच नाही!"

"तू गप. तुला काय कळतंय?" त्यांनी नातीला पिटाळलं, "माझ्या उशाशी टॉर्च आहे, आण." टॉर्चचं बूड फिरवून त्यांनी दोन्ही सेल काढले, डबीत बसवले आणि झाकण लावताना त्यावरचे तेलाचे डाग पदरानं स्वच्छ पुसले. "सोड रे पाणी."

टिक टिक टिक, भप्प. अंगणात टाळ्या पडल्या. फोरमन आतून ओरडला, "आई, तुम्ही नसता तर मी मेलोच होतो!" सासूबाईंनी कुयरी मागवली आणि हीटरला हळदकुंकवाची पाच बोटं लावली. दोरीवर माझी कालची साडी वाळत होती. ती तसूभरही हलत नव्हती, आणि आम्ही दोघींनी ते एकाच वेळी पाहिलं.

दुपारी फराळाची पानं मांडायची होती. पुरुष हॉलमध्ये गप्पा मारत होते, नवरा अजून अंगणात सेल शोधत होता. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, विचारल्याशिवाय ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि मी पहिल्यांदाच थोडी सरकून त्यांना जागा दिली. त्यांनी चिवड्याचा डबा उघडला. चिवडा उपसता उपसता आतून दोन मोठे सेल वर आले, शेंगदाणे आणि कढीपत्ता चिकटलेले.

माझा चेहरा लालबुंद झाला. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांनीच मान हलवून थांबवलं. दोन्ही सेल त्यांनी फडक्यानं नीट पुसले आणि माझ्या तेलकट तळहातावर ठेवले.

"ठेव जपून," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वाऱ्याला डबा जरा बदल. चिवडा मऊ पडतो."